काट्याचा कॉम्प्युटर

अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधला वजनकाट्याचा कॉम्प्युटर फार जुना होता. तो शनिवारपर्यंत अकोल्याच्या ऑफिसला जोडला गेला नाही, तर अकोटचा काटाच बंद करू, असं तिथल्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून काट्यावर बसणाऱ्या दामिनीने महादेवरावांना बोलावून आणलं. निवृत्तीपूर्वी ते असली कामं करत.

त्यांनी घरच्या जुन्या सीडीतून, ऑफिसशी जोडणी करणाऱ्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम टाकला. पण कार्ड चालू झालं की काटा बंद पडे, आणि काटा सुरू केला की कार्ड दिसेनासं होई. काटा आणि कार्ड, दोघांनाही कॉम्प्युटरमधला एकच नंबर हवा होता.

"माह्याकडून नाही होत पोरी. सारं विसरलो मी."

"काका, माही नोकरी आहे याच्यावर. पाहा ना अजून एक डाव."

त्यांनी कार्डाला दुसरा नंबर दिला. कार्डाचा मागचा हिरवा दिवा लागला आणि काटाही चालू राहिला. दामिनीने कॉम्प्युटरला कुंकू लावलं, आणून ठेवलेला नारळ फोडला आणि अकोल्याला फोन केला.

"साहेब, दिसून राहिलं का?"

"हो ना! तिथं गाडी काट्यावर चढली का वजन इथं उमटते. बेस काम झालं." साहेब खूश होते. "मंग सोमवारपासून तू नको येऊ. आमी इथूनच पाहू."

खोबऱ्याचा तुकडा दामिनीच्या हातातच राहिला.

"काका, टाकलेला ड्रायव्हर काढता येते का?"

"येते," महादेवराव खाली पाहत म्हणाले. "पण चालते हे त्यायनं पाह्यलं ना आता."