बगूताई गप्प का राहते

बर्फाचा ट्रे या घरातून केव्हाच हद्दपार झाला होता. बायकोला गार चालत नाही.

"नावातच ताई आहे हो, कसलं प्रेम घेऊन बसलात!" फोनवर एका दंतवैद्याचा संदेश. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

दाराशी एक बॅग.

साळोबा आणि बगूताई आजवर एकदाही एकाच वेळी बोललेले नाहीत.

'फक्त लहान मुलांसाठी', असं पडद्यावर सुरुवातीलाच लिहून येतं.

तर पन्नाशीला टेकलेला एक चष्मेवाला दुकानाचं शटर दुपारीच ओढून घरी आला होता. दलदलीत राहणारं साळोबा नावाचं एक साळिंदर आणि बगूताई नावाची एक बगळी, एवढ्यावर चाललेलं ते कार्टून. त्यावर तावातावाने भांडणाऱ्या मोठ्या माणसांचा एक गट होता, आणि हा त्या गटाचा म्होरक्या. आज संध्याकाळी तो सगळ्यांपुढे आपलं म्हणणं मांडणार होता. साळोबा आणि बगूताई एकमेकांचे कोण, याचा एकदाचा निकाल.

आणि आज संध्याकाळीच मेहुणा गाडी घेऊन येणार होता. बायकोला न्यायला.

"कायमची?" त्याने सकाळी विचारलं होतं.

"धाकटा भाऊ येईपर्यंत मी इथेच आहे," ती म्हणाली होती. "तोवर तुझं बोलणं ऐकते. मग ठरवते."

दिवसभर त्याला एक धड वाक्य सुचलं नाही. दुकानात त्याने एका आजोबांच्या फ्रेममध्ये भलत्याच्याच काचा बसवल्या. आजोबा म्हणाले, "वा, आता तुम्ही दोन-दोन दिसता."

घरी आला तर तिच्या ऑफिसात काय होतं कोण जाणे, तीही लवकर आलेली. पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. विषय तिनेच काढला.

"तुझ्या त्या बगूताईचं काय ठरलं?"

हे तिने कधी विचारलं नव्हतं. बुडत्याला काडी सापडली. त्याने फोन पलंगावर ठेवला आणि एक तुकडा लावला. साळोबा कुरकुरला, "पाय पुसून आत ये." मग शांतता. मग बगूताई, "आलेच."

"मधली ती शांतता ऐकलीस? दंतवैद्य म्हणतो भाऊ-बहीण. अगं, भाऊ-बहीण असते तर एकमेकांवर खेकसले नसते? या दोघांत एकाचं संपतं, मग दुसऱ्याचं सुरू होतं. कायम. नवरा-बायको आहेत ते. कधीतरी तुटलेले. आणि तरी इतका आदर!"

"एकदम बोलणं जमत नसेल."

"जमत नसेल म्हणजे?"

"काही नाही. पुढे सांग."

"आता हे 'आलेच' ऐक. आवाज जड आहे. आधी रडलीये ती. आपल्याला दाखवलं नाही, पण रडलीये."

"सर्दी झाली असेल."

"बगळीला सर्दी!" तो मनापासून हसला. "तुला नाही कळायचं ते. कानात प्राण आणून ऐकावं लागतं."

तिने घडी घातलेला सदरा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "मलाही झाली होती. थंडीत. चांगली आठवडाभर."

"कधी?"

"असू दे."

त्याला वाटलं, गाडी रुळावरून घसरतेय. तो घाईने म्हणाला, "माझं तर म्हणणं आहे, आवाज देणारेही खरेच नवरा-बायको असणार. लावतेस पैज? मेले चॅनलवाले शेवटची नावं कापून जाहिराती घुसडतात, नाहीतर आत्ता सिद्ध केलं असतं. ती बाई भेटली ना, तर पाया पडेन तिच्या."

"खरंच पडशील?"

"लोटांगण घालीन!"

ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. हातातला सदरा तिने पुन्हा कपाटात ठेवला आणि दार लावलं. चष्मेवाला सावरून बसला. आता एक शब्द चुकायला नको.

तेवढ्यात बेल वाजली. मेहुणा किल्ली फिरवत आत आला.

"ताई, चल लवकर. गाडी फाटकासमोर लावलीये, वॉचमन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. काय भाऊजी, बरंय ना?"

"दोन मिनिटं थांब रे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "शेवटचं सांग. इतकं सगळं आहे, तर बगूताई गप्प का राहते? स्वतःच्या तोंडाने सांगून का टाकत नाही?"

हाच तो प्रश्न, हे त्याला कळलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कारण तिला सांगावं लागत नाही," तो हळू म्हणाला. "हजार आवाजांत साळोबा तिचा आवाज ओळखेल. तेवढ्यावर तर राहिलीये ती."

"आणि नाही ओळखला तर?"

"मग कसली बगूताई आणि कसला साळोबा! मग खुशाल उडून जावं तिने."

मेहुण्याने मान डोलावली. "भाऊजी, तुम्ही खरं तर पुस्तक लिहायला पाहिजे."

 बायको त्याच्याकडे नुसती बघत राहिली. आपण जिंकलो, अशी चष्मेवाल्याची खात्री झाली.

फोन थरथरला. दंतवैद्य. सगळे जमलेत, सुरू करायचं का? त्याने बायकोला बोटाने 'एक मिनिट' अशी खूण केली आणि 'आलोच' एवढं लिहिलं.

वर पाहिलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. जिन्यातून मेहुण्याचा आवाज येत होता, "सावकाश, ताई, पायऱ्या ओल्या आहेत."

चार वर्षांपूर्वी कार्टूनच्या पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग करून ती घरी आली, तेव्हा चप्पल काढता काढताच तिने त्याला सांगितलं होतं की साळोबाचा आवाजही तिचाच आणि बगूताईचाही तिचाच. तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता, आणि त्याने हसून मान हलवली होती.