सांध्यावरचा पत्रा

यशवंतने नखाने खरवडलं तसा भिंतीवरचा रंग पापडासारखा सुटून हातात आला. तो त्याने म्हाताऱ्या रंगाऱ्यापुढे, बाबलीपुढे धरला.

यशवंतच्या मांद्र्याच्या या गेस्ट हाऊसच्या सगळ्या खोल्या बाबलीनेच उन्हाळ्यात रंगवल्या होत्या. पावसाळा सरला, पाहुणे यायला लागले, आणि याच एका खोलीची भिंत फुगली. यशवंतचं म्हणणं, तुम्ही रंगात पाणी जास्त घातलंत. बाबलीचं म्हणणं, पाणी वरून येतंय. कौलं भिंतीला टेकतात तिथे पत्रा हवा, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. यशवंतने ऐकून घेतलं नाही. सांध्यात सिमेंट भरलंय, रंगाऱ्याने छपराचं बोलू नये, म्हणाला. आता गावभर सांगणार होता, याला काम देऊ नका. या वयात बाबलीजवळ कामाचं नावच काय ते उरलं होतं.

डिचोलीहून बोलावलेला छपरवाला देवेश तोवर शिडीवरून वर पोचला होता. त्याने सांध्यात पटाशी घातली. सिमेंटचा गठ्ठाच उपटून आला.

"रंगाचो काय दोष नाय," तो वरून म्हणाला. "ह्यां सिमेंट फुटलां. हय सुमंगला घालूक व्हयी."

बाबलीने मान वर केली.

यशवंतने विचारलं, "सुमंगला? ती आणखी कोण?"

देवेश हसला. कोणी नाही, पत्र्याची पट्टी, म्हणाला. मध्ये दुमडायची. वरची कड भिंतीत खाच मारून आत, खालची कौलांवर. मग भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यात शिरत नाही, कौलांवरून निघून जातं. डिचोलीकडे सगळे तिला हेच म्हणतात. शिरगावच्या कुठल्याशा बाईने पहिल्यांदा आपल्या रांधणीच्या, स्वयंपाकघराच्या छपरावर बसवली. घोव रंगकामाला बाहेरगावी, म्हणून शिडी लावून स्वतः चढली. "मगे शेजारचे म्हणूक लागले, आमकां पण सुमंगला घाला."

सुमंगला बाबलीची बायको. तिचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. तिचं बघून शिरगावात शेजाऱ्यांनी पत्रे बसवले, एवढं त्याला माहीत होतं. तिचं नाव पत्र्याला लागून इतक्या लांब आलेलं माहीत नव्हतं.

"बायलांची नावां कित्याक?" यशवंत म्हणाला. "सरळ पत्रो म्हण."

"नाय." इतका वेळ बाबली खालच्या आवाजात बोलत होता. आता नाही. "सुमंगलाच म्हणाक व्हयी."

यशवंतने त्याच्याकडे पाहिलं. मग हातातला पापुद्रा चुरून टाकला.

"बरां," तो देवेशला म्हणाला. "घाल तुझी सुमंगला. भिंत सुकली काय रंग बाबलीदादाच मारतलो."

देवेशने खाच मारली. पत्रा लांब, एकट्याला आवरेना. बाबली दुसऱ्या शिडीने चढला आणि खालची कड दोन्ही हातांनी कौलांवर दाबून धरली. देवेश वरची कड ठोकत टोकापर्यंत गेला. हातोडा खाली ठेवला.

"सोडा, काका. बसली ती आता."

पत्रा उन्हाने गरम झाला होता. बाबलीने हात तसेच ठेवले.