बासरीतली मिटकी

पळसदरीचा स्वराज हळदीच्या कार्यक्रमांना वाजवायचा. यंदा त्याने जुना, जड कीबोर्ड पोटमाळ्यावर टाकला आणि लॅपटॉपवर बासरीची सॅम्पल लायब्ररी घेतली. खऱ्या वादकाचा एकेक सूर त्यात रेकॉर्ड केलेला होता, अगदी फुंकरीसकट. त्याचंच स्वराजला कौतुक होतं.

एके दुपारी त्याने लॅपटॉपच्या कळांवर खालचा पंचम दाबला, तर सुराआधी मिटकी ऐकू आली, ओठ चाटल्यासारखी ओली. वादकाचीच असेल म्हणून त्याने ती कापून टाकली. पुन्हा दाबलं, तेव्हा ती सुराच्या मधोमध आली आणि पाठोपाठ कुणीतरी खाकरून बेडका गिळला. स्वराजने लॅपटॉप फाडकन मिटला.

आतून आई सोनुबाई ओरडली, "स्वराज, कोन जेवतंय रं थितं?"

"कोन नाय गं आये. बंद केलंय मी."

"मंग मचमच कसली येते अजून?"

त्याने लायब्ररी पुसून टाकली, साबणाने हात धुतले आणि जुना कीबोर्ड खाली काढला. त्यातली बासरी यंत्राने बनवलेली, तिला कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं. हेडफोन चढवून त्याने तोच पंचम दाबून धरला. सूर कोरडा, निर्जीव आणि स्वच्छ होता. बराच वेळ ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याने हेडफोन काढला, तेव्हा कानापासून हेडफोनच्या गादीपर्यंत कोमट, चिकट लाळेची तार लोंबली. त्याने हात लांबवला, तशी तीही लांबत गेली. तुटली मात्र नाही.