मामांचं पान

मरणाला थोपवून धरणारं एकच यंत्र माणसाने आजवर बनवलं, ते म्हणजे फ्रिज. गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या रुख्मामामींच्या फ्रिजचं दार मात्र सुतळीने बांधून ठेवावं लागतं.

दिवाळीच्या साफसफाईला आलेल्या त्यांच्या भाचीने, टीनाने, ती सुतळी सोडली. आत पत्रावळीवर भात, वडे आणि खीर होती, आणि सगळ्यावर हिरवी बुरशी.

"मामी, हे कायले ठेवून राहिल्या?"

"तुझ्या मामाचं पान हाय ते. पितरात कावळा शिवलाच नाही. राग गेला नसन अजून त्याहीचा."

केवळराममामा गेले तेव्हा नवराबायकोत अबोला चालू होता. म्हणून मामी ते पान रोज सकाळी छपराच्या कवेलूंवर ठेवायच्या, आणि कावळा आला नाही की दुपारी परत फ्रिजमध्ये.

मामी आंघोळीला गेल्याबरोबर टीनाने पान मागच्या उकिरड्यावर फेकलं. मामी ओल्या केसांनीच धावत आल्या.

"उपाशीच धाडलं वो तू त्याहीले!"

तेवढ्यात कावळा उतरला. त्याने बुरशीसकट सगळं संपवलं, दगडावर चोच पुसली आणि मान वाकडी करून मामींकडे एकटक पाहत राहिला. जेवण झाल्यावर मामा अगदी असेच पाहायचे. मामींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि कावळ्यावरची नजर न काढता हळूच म्हणाल्या,



"टीना, डब्यातला ओवा आण वो थोडा. पोट दुखन त्याहीचं."