दोन गाड्या, एक भोंगा

हे लिहायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. विम्याच्या फॉर्मवर ‘अपघात कसा झाला’ या प्रश्नाखाली चार ओळी रिकाम्या होत्या. खरं लिहावं तर येडे ठरणार, खोटं लिहावं तर क्लेम बोंबलणार. आणि क्लेम बोंबलला की शनिवारची पहिली सफर गेली. त्याने आणि मित्राने दोन वर्षं खपून बनवलेली, आत झोपायची-शिजवायची सोय असलेली घरगाडी गॅरेजातच बसणार.

शेवटी लिहिलं. एका दमात.

आणि आता नुकसान बघायला गॅरेजात आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई गाडीच्या चेपलेल्या पाठीशी उभ्या राहून तेच मोठ्याने वाचत होत्या.

“मी गाडी मागे घेत होतो. मित्र मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होता. पलीकडून बेकरीची गाडीही मागे येत होती. तिच्या ड्रायव्हरनेही माझ्याच मित्राचं ऐकलं.” त्यांनी चष्मा वर केला. “आणि मित्र कुठे होता?”

“मधे. उडी मारली म्हणून वाचला.”

मित्र म्हणजे भोंगा. आवाजावरून पडलेलं नाव. आज मात्र टायरच्या ढिगावर गप्प बसलेला. सकाळीच म्हणाला होता, “शनिवारी तू एकटाच जा बाबा. मी नाही येत. माझ्यामुळेच वाट लागली.”

“बेकरीवाल्याने तुला सांगितलं होतं का मागे बघायला?” बाईंनी विचारलं.

“नाही,” भोंगा पुटपुटला. “पण बिचाऱ्याच्या मागे कुणीच नव्हतं. म्हटलं, एका ओरडण्यात दोघांचं काम होईल.”

बाईंनी फायलीतून दुसरा फॉर्म काढला. “त्यानेही हेच लिहिलंय. ठरवून खोटं लिहिणारे जरा बरं खोटं लिहितात हो.” आणि हसत हसत मंजुरीची सही ठोकली.

गॅरेजच्या मिस्त्रीने चेपलेल्या पत्र्यावर खडूने चौकोन आखला. “एवढं कापावंच लागेल. भोक पडतंयच, तर खिडकी बसवू? माझ्याकडे एक जुनी पडून आहे. शुक्रवारी गाडी घेऊन जा.”

भोंग्याचा चेहरा आणखी पडला. “खिडकी झाली की तुला मागचं दिसणार. मग माझं काय काम?”

“तिला पडदा लावणार,” तो म्हणाला. “गाडी मागे घेताना तो बंद. तू ओरडशील तेवढंच मी ऐकणार. शब्द आहे माझा.”