उलटे जोडे

बँकेची नोकरी सोडून अपूर्व घरीच चामड्याचे जोडे शिवायला बसला, तेव्हापासून त्याच्या आईच्या, विजयाबाईंच्या नाकावरचा पदर हटला नव्हता. "मेल्या ढोराचं कातडं कवटाळून बसतो दिवसभर. छी, घरभर बदबू."

पहिल्या ऑर्डरच्या जोड्यांचे तळ त्याने हाताने शिवले, घासले, रंगवले आणि जोडे व्हरांड्यात उलटे वाळत ठेवून तो खोके आणायला देवास गेटच्या बाजारात गेला. उलटा जोडा घरात भांडण लावतो, एवढंही या शिकलेल्याला कळू नये. बाईंनी चिमट्याने धरून एकेक जोडा सुलटा केला, मग चिमटाच फेकून दिला.

ओल्या तळांना चिकटलेली माती पाहून अपूर्व जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडला.



"बघ, लागलं ना भांडण? तरी बरं, मी वेळेवर सुलटे केले."