काडेपेटीएवढा कॅमेरा

संग्राहक वस्तू जमवत नाही, काळ जपून ठेवतो, असं मन्मथ सर म्हणत. काळाचे एकतीस तुकडे लातूरच्या त्यांच्या क्लासच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात कुलूपबंद होते; सगळे काडेपेटीएवढे जुने कॅमेरे. प्रवेशाला आलेल्या पालकांना सर आधी कॅमेरे दाखवत, मग निकाल.

लेकीच्या अकरावीसाठी निलंग्याहून आलेल्या सिंधुबाईंनी निकालाकडे बघितलंच नाही. काचेवरूनच त्यांनी एका कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्या बुडाला म कोरलेला हाय का, सर?"

होता. मन्मथचा म. सर त्याला योगायोग समजत.

"मडिवाळप्पाचा हाय त्यो. माझ्या बापाचा."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. गणपती बुडवायच्या दिवशी त्या माहेराहून सासरी निघाल्या होत्या. एस.टी. सुटायच्या आधी बापानं आईचा फोटो काढला, रोलातला शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आई-बाप दोघंही गेले. ढिगारा उपसला, पण कॅमेरा काही सापडला नाही. आईचा दुसरा फोटो कधी निघालाच नव्हता. त्याला आता दहा वर्षं झाली. हल्ली आईचं तोंड आठवायला गेलं की मधेच मावशीचं येतं.

"कॅमेरा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आतला रोल तेवढा द्या."

सरांनी कुलूप काढलं. कुणाला हात लावू न दिलेला कॅमेरा त्यांनी सिंधुबाईंच्या तळहातावर ठेवला आणि बोलत सुटले. असल्या फिल्मा इकडे कुणी धूत नाही, मुंबईला पाठवाव्या लागतात, जुन्या फिल्मचा भरवसा नसतो.

तोवर लेकीनं, पुनमनं, कॅमेऱ्याखालचं कार्ड उचललं होतं. प्रत्येक कॅमेऱ्याची माहिती सर स्वतः वळणदार अक्षरात लिहीत. पुनमनं ती आईला वाचून दाखवली.

"नांदेड, भंगारबाजार, १९९८. आत रोल होता. काढून, उलगडून, खिडकीशी उजेडात पाहिला. शटर ठीक."

सिंधुबाईंनी सरांकडे पाहिलं.

"उजेडात धरल्यावर फोटो ऱ्हातेत का, सर?"

सर वीस वर्षं मुलांना प्रकाश शिकवत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सिंधुबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर रिकामी खुर्ची होती. त्यांनी बटण दाबलं. बारीकसा आवाज झाला.

शटर ठीक होतं.